तिसरं ट्यूनिंग

गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण आधी तिसऱ्या ट्यूनिंगचीच चौकशी करतो, हा ताईचा इतक्या वर्षांचा अनुभव. गॅरेजात येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिला ताईच म्हणे, पण सख्खा भाऊ एकच, आणि नेमका तोच त्या दुपारी तिच्या टेबलावर कोपर टेकून उभा होता.

"तिसरं," तो म्हणाला.

"लाडोबा, आधी ऐकून तरी घे."

आई गेली तेव्हा हा शाळेत होता. तेव्हापासून ताईनेच वाढवलेला, आणि लाडावून ठेवलेलाही तिनेच. आता बोल कुणाला लावायचा? बाहेर तीन-चार दिवस मळभ होतं. भरदुपारी ट्यूबलाइट लावून काम चाललं होतं आणि पत्र्याखाली ऑइलचा नि ओल्या कापडाचा वास कोंडून राहिला होता.

त्याने ती गाडी जुनीच घेतली होती, पण इंजिनावर सुपरचार्जर होता. म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप, इंजिनात जादा हवा कोंबणारा. पहिल्या ट्यूनिंगमध्ये नुसते गाडीच्या कंप्युटरमधले आकडे बदलायचे. दुसऱ्यात पंपाची पुली लहान बसवायची, म्हणजे तो जास्त जोरात फिरतो. तिसऱ्यात आणखी लहान, आणि इंजिनाला सोसेल तिथपर्यंत सगळं ताणायचं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत आणि इंजिन पाहून हवा कोंबावी," असं ताई गिऱ्हाइकांना ऐकवायची. गॅरेजचा नियमही तिचाच: एकदम उडी मारायची नाही. एकेक पायरी चढायची, तपासायची, मगच पुढे.

पहिलं ट्यूनिंग टाकून तिने गाडी रोलर्सवर घेतली. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ती एकटी आत बसली आणि पाय दाबला. सुपरचार्जरने बारीक शीळ घातली. डॅशबोर्डवर सीटांचं एक छोटं चित्र होतं. कुणी बसलं की लाल दिवा, बेल्ट लावला की हिरवा. तिच्या सीटचा हिरवा होताच. शेजारच्या सीटचा लाल लागला.

शेजारी कुणी नव्हतं. 'वायर लागली असेल कुठेतरी,' असं म्हणत तिने सीटखालचा प्लग काढून ठेवला. दिवा गेला नाही. उलट ती वाकलेली असतानाच तो हिरवा झाला. बेल्ट तर दाराजवळ तसाच लोंबत होता.

तिने गाडीचे मूळ आकडे परत टाकले. दिवा विझला.

ताई भुताखेतांना हसणारी बाई. पण मनात पाल चुकचुकलीच. "सेन्सर खराब आहे," ती भावाला म्हणाली. तो नुसता हसला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

पुली बदलून झाल्यावर दोघं रस्त्यावर निघाले. गाडी तो चालवत होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती शेजारी. उड्डाणपुलाच्या चढावर त्याने पाय दाबला, शीळ चढत गेली आणि मागच्या तिन्ही सीटांचे दिवे एकामागून एक लागले. लाल. मग हिरवे. गाडीचं बूड खाली बसलं, चार पोती मागे टाकावीत तसं. ताईने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी होती, पण मागची काच आतून धुकटली होती.

"थांबव गाडी."

"का गं? छान चाललीय की."

"मागे बघ जरा!"

"मला माहितीये," तो म्हणाला. अगदी शांतपणे. "पहिल्या दिवसापासून माहितीये. जोरात पळवली की शेजारी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटायचं. म्हणून तर तुझ्याकडे आणली."

"अरे, वेड लागलंय का तुला? घाबरत नाहीस?"

"घर खायला उठतं, ताई. संध्याकाळी कुलूप उघडतो आणि टीव्ही लावतो, आवाज हवा म्हणून. इथे निदान गाडी भरल्यासारखी वाटते."

तिला भडभडून आलं. "माझ्याकडे ये राहायला. आजच ये. दाजी काही म्हणायचे नाहीत."

"तुझ्या घरात तुझी माणसं. मी पाहुणा." त्याने आरशाकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. "तिसरं करून दे. तेवढंच."

ती नाही म्हणाली. दोन दिवस नाहीच म्हणत राहिली. त्याने फोन उचलणं बंद केलं, जेवतोय की नाही तेही कळेना, आणि तिचा धीर सुटला. या पोराला नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. "एकदाच," ती म्हणाली. "रोलर्सवर, रस्त्यावर नाही. आत मी बसणार. आणि मग सगळं काढून टाकायचं."

"कबूल."

कसलं कबूल! आणखी लहान पुली बसली, आकडे टाकून झाले, ती लॅपटॉप बाजूला ठेवायला वळली, तेवढ्यात पठ्ठ्या आत बसून बेल्ट लावून मोकळा. दारं लॉक.

"उतर खाली!"

त्याने हात हलवला आणि पाय दाबला.

ही शीळ नव्हती. पुष्कळ माणसांनी एकदम श्वास आत ओढावा तसा आवाज होता.

लॅपटॉपच्या पडद्यावर सीटांचं तेच चित्र होतं. शेजारची हिरवी. मागच्या तिन्ही हिरव्या.

ड्रायव्हरची सीट विझली.

तिने काचेतून पाहिलं. तो बसलेला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हसत होता.

दिवा लागला नाही.

तिने बंदचं बटण दाबलं. रोलर्स घरंगळत थांबले. पडद्यावरचे सगळे दिवे गेले.

दार उघडून तो उतरला. "झालं की! उगाच घाबरतेस."

ताईने त्याचे दंड चाचपले, गालाला हात लावला. ऊब होती. ती रडली, त्याला दोन शिव्या दिल्या, मूळ आकडे परत टाकले आणि गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये घातली. "आज माझ्याकडेच चल. आणि आता कायमचा," ती म्हणाली. त्याने वादही घातला नाही. तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

दोघं तिच्या गाडीत बसले. तिने पर्स मागे टाकली, गाडी काढली. तो खिडकीबाहेर बघत होता, बेल्ट न लावता.

पाचेक मिनिटं गेली असतील. मग तिला जाणवलं, गाडीत शांतता आहे. तिची ही गाडी अशी भांडखोर, की शेजारच्या सीटवर नुसती भाजीची पिशवी ठेवली तरी बेल्ट लावा म्हणून कोकलत सुटते.

"बेल्ट लाव रे," ती म्हणाली.

"लावतो की," शेजारून आवाज आला.

गाडी गप्पच होती.

ताई बोलायला लागली. रात्री काय करायचं, त्याला कुठली खोली द्यायची, पडदे कुठले लावायचे, सुचेल ते. तो हूं हूं करत होता. घर येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि तिने एकदाही मान वळवून शेजारी बघितलं नाही.