आठवी पिशवी

चूक माझीच होती, पण मी ती अजून कबूल केलेली नाही.

मार्चमधली शर्यत. आडवा पाऊस, दगडी रस्त्यांवर चिखल, आणि त्यातून येणारे दीडशे सायकलवाले... सगळे एकाच रंगाचे. आमच्या संघाचा सदरा निळा. मी रस्त्याच्या कडेला हात लांब करून उभी, खांद्याला खाऊच्या पिशव्या. निळं काहीतरी दिसलं, मी पिशवी पुढे केली, एका हातानं ती अलगद उचलली... आणि जाता जाता तो वळून हसला. आमच्या संघात कुणी असं हसत नाही, मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मागून आमचा कप्तान आला आणि रिकाम्या हातानं गेला. पुढच्या चढावर भुकेनं त्याचे पाय गळाले. आम्हा मालीश करणाऱ्यांचा म्होरक्या फोन्स; त्यानं मला सगळ्यांदेखत झापलं. "पोरी, डोळे घरी ठेवून आलीस का?"

संध्याकाळी तो परका निळा आमच्या बसपाशी आला. केस ओले, हातात माझी पिशवी. धुऊन, घडी घालून.

"भाताच्या वड्या छान होत्या," तो म्हणाला. "मीठ तेवढं कमी होतं."

"चोरलेल्या वड्यांना नावं ठेवता?"

"चोरल्या कुठे? तुम्ही दिल्यात. मला इतक्या प्रेमानं कुणी पिशवी देत नाही, म्हणून नाही म्हणवलं नाही."

"तुमच्यामुळे मला बोलणी बसली."

"मग पुढच्या वेळी मीठ नीट घाला, म्हणजे बोलणी वाया जाणार नाहीत."

असा राग आला मला. आणि रात्रभर त्या रागाचं हसू येत राहिलं.

त्याचं नाव योरिस. त्याच्या संघातला पाणक्या. म्हणजे कप्तानाच्या बाटल्या वाहायच्या, त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक बसलं तर आपलं काढून द्यायचं. अकरा हंगामांत एकही शर्यत जिंकलेली नाही, हे तो आपली उंची सांगावी तसं सहज सांगायचा.

नंतर प्रत्येक शर्यतीत तो माझ्यासमोरून जायचा, आणि आम्हाला दोन सेकंद मिळायचे. जास्त नाहीच.

"आज मीठ?" तो ओरडायचा.

"तुम्हाला काय करायचंय?"

एप्रिलमध्ये एकदा, "केस कापलेस?" आणि गेला. त्या 'कापलेस'वर माझे आठ दिवस निघाले. मेमध्ये त्यानं बोलणं सोडून नुसतं पाहिलं, ते त्याहून वाईट. जुलैत डोंगरातल्या उन्हात तो सगळ्यात मागच्या टोळक्यात होता, ओठ फुटलेले, बोलायचं त्राण नाही. जाता जाता त्यानं माझ्या पसरलेल्या हाताला फक्त बोटं टेकवली. संध्याकाळी त्याच हातानं मला चार जणांचे पाय चोळायचे होते. मी डाव्या हातानं चोळले.

सप्टेंबरात एका हॉटेलच्या अंगणात आम्हाला चक्क पाच मिनिटं मिळाली. त्यातली चार तो बूट पुसत होता.

"हा माझा शेवटचा हंगाम," तो म्हणाला. "पुढे आईची बेकरी सांभाळणार. ग्रीत... मला एक विचारायचं होतं—"

त्याच्या बसनं भोंगा वाजवला. तो पळाला.

पुढच्या शर्यतीत समोरून जाताना ओरडला, "विचारतो हं!" त्याच्या पुढच्या शर्यतीतही तेच. फोन्स म्हणाला, "हा विचारेपर्यंत तुझ्या केसांचा कापूस होणार." मी म्हटलं, मला काय त्याचं. पण होतं. खूप होतं. कारण मला स्पेनच्या एका संघाकडून कागद आला होता. दोन वर्षांचं काम, सोमवारी सही करून लगेच निघायचं; फोन्सनं ही बातमी एव्हाना सगळ्या संघांत पसरवली होती. आणि रविवारी हंगामातली शेवटची शर्यत. त्यानंतर ना तो रस्त्यावर असणार, ना मी या देशात.

ती शर्यत त्याच्या गावातून जात होती.

रविवारी सकाळी मी पिशव्या भरल्या. फोन्सनं मोजल्या. "खेळाडू सात, पिशव्या आठ?"

"असू दे एक जास्तीची."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आठवी पिशवी स्वतःच माझ्या खांद्याला अडकवली.

आमच्यात एक रीत आहे. शर्यत ज्याच्या गावातून जाते, त्याला अख्खा घोळका पुढे सोडतो. त्यानं मिनिटभर उतरायचं, घरच्यांना भेटायचं, मग घोळका आला की त्यात मिसळायचं. तेवढा वेळ कुणी वेग वाढवून निसटायला बघत नाही.

मी गावाच्या टोकाला उभी होते. तिथून चर्चपर्यंतचा सरळ रस्ता दिसत होता, आणि मध्ये बेकरीच्या दारात पांढरा एप्रन लावलेली त्याची आई. पिवळी पानं हळूहळू पडत होती. एकटा योरिस चर्चच्या वळणावरून आला, उतरला. आईनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, काहीतरी म्हणाली... आणि त्याला सायकलवर बसवून, पाठीला हात लावून जोरात ढकललं.

ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं. "मी रोज भेटणारे. ती आजच आहे."

तो माझ्यासमोर थांबला. छाती धपापत होती. इतके दिवस दोन सेकंदांत बोलणारा माणूस, मिनिट मिळालं तर मुका.

"योरिस, घोळका येतोय."

"ग्रीत... सोमवारी जाऊ नकोस."

"विचारायचं होतं ना? हे तर सांगणं झालं."

"मग... राहशील? असं विचारतो."

"एवढ्याला सात महिने?"

"दोन-दोन सेकंद मिळत होते गं."

चर्चच्या वळणावर घोळका दिसला. चाकांचा आवाज पावसासारखा जवळ येत होता. मी आठवी पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "आधी खा. मग बोल." आणि मीही त्याला ढकललं.

त्या दिवशी त्याचा शेवटून तिसरा नंबर. त्याचे जोडीदार सांगत होते, चढावर हा येडा खाता खाता एकटाच हसत सुटला. शर्यत संपल्यावर तो थेट माझ्याकडे आला. हातात चुरगळलेला, भातानं चिकट झालेला स्पेनचा कागद. मी त्यातच वडी गुंडाळली होती.

"यावर सही नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पण पिशवी तर तू सकाळीच बांधलेलीस. मी विचारलंच नसतं तर?"

"मग उपाशी राहिला असतास का? पिशवी दिलीच असती."

त्यानं कागदाची नीट घडी घातली, सदऱ्याच्या मागच्या खिशात ठेवली.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"आज बरोबर होतं," योरिस म्हणाला, आणि या वेळी कुठेही न जाता तिथेच उभा राहिला.