सातव्या ओळीवरून आठव्यावर

त्या दुपारी मेजावर एक लॅपटॉप, एक वही, दोन पेनं आणि काठोकाठ भरलेला फिल्टर कॉफीचा एक टंबलर होता. मेजाशी रेवा होती. गाव मिरज, भौतिकशास्त्रात एमएस्सी, वय चोवीस वर्षं दोन महिने. तमिळ शब्द येत होते तीन.

तमिळ मुलखात, गिंडीतल्या त्या कंपनीत डीबगर तयार होई, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळ चालवून दर ओळीशी थांबणारं साधन. काही छोटी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, कंपायलर हा यंत्राचा भाषांतरकार त्यांना बोलावणाऱ्या फंक्शनच्या पोटातच विरघळवून टाकतो. त्यांना स्वतःचं दार उरत नाही. ‘ओलांडा’ची कळ दाबली की डीबगरने अशा फंक्शनवरून एका ढांगेत पुढच्या ओळीवर जायचं, आत थांबायचं नाही. तो तसं करतो का, हे रेवाने तपासायचं होतं. शुक्रवारी साडेतीनला नोकरी कायम करण्याची मुलाखत होती, आणि मुलाखतीत रेवाची दातखीळ बसते हा मिरजेपासूनचा लौकिक.

तिने कळ दाबली. सातव्या ओळीवरून आठव्यावर. चोख.

टंबलर मात्र रिकामा होता. जिभेवर कॉफीची चव होती. घड्याळ चार मिनिटं पुढे गेलं होतं.

विज्ञान शिकलेली मुलगी. देवाचं नाव घेण्याऐवजी तिने दुसरी कॉफी मागवली. फंक्शन न विरघळवता कळ दाबली, तर टंबलर भरलेलाच, वर साय धरलेली. विरघळवून दाबली, तर रिकामा. तिसरी मागवून पुन्हा एकदा दाबली, तरी रिकामा. वहीत तीन रिकाम्या टंबलरांच्या तीन नोंदी झाल्या.

शेजारच्या मेजावर तिचे वरिष्ठ बालाजीराव बसत. तंजावरकडचं घराणं, मराठीला तमिळ हेल आणि वाक्यामागे एक ‘मा’. मघाशी मी काय करत होते, असं तिने त्यांना आडून विचारलं. सांबार मूळचं कुणाचं यावर ती बोलत होती म्हणे, आणि समोरच्या मेजावरच्या हरिणीची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

“तमिळ इतकं सुरेख कुठं शिकलीस, मा?” ते म्हणाले. “एरवी तू जरा... सरी, असू दे.”

रेवाला राग यायला हवा होता. तिला शुक्रवार आठवला.

शुक्रवारी ती लॅपटॉप आणि वही घेऊनच मुलाखतीला गेली. समोर बालाजीराव आणि संचालक विजयालक्ष्मीबाई. आपली एखादी चूक सांग, बाई म्हणाल्या.

रेवाने कळ दाबली.

सातवी ओळ. आठवी ओळ.

तीन बावन्न. बाई हसून डोळे पुसत होत्या. मेजावर कायम केल्याचं पत्र होतं. खाली रेवाची सही होती, तमिळमध्ये.

तिने नोंदीसाठी वही ओढली. तीन नोंदींखाली चौथी आधीच होती. तिच्याच पेनाने, तिच्याच तिरक्या वळणाने, तमिळ लिपीत.

“सर, हे काय लिहिलंय?”

“तूच आत्ता लिहिलंस की, मा.” बालाजीरावांनी चष्मा लावला आणि मराठीत वाचून दाखवलं.

“चाचणी चौथी. ओलांडलेलं फंक्शन: रेवा. लांबी: चोवीस वर्षं दोन महिने. आत कुठंही थांबावं लागलं नाही. निकाल: बरोबर.”