पाहुण्याचा वाटा

"तुमचा स्कार्फ द्या — लवकर!"

कोणी अनोळखी पुरुष भल्या सकाळी असा हक्काने आपला स्कार्फ मागेल, असं अकबोताला शाळेला निघताना स्वप्नातही वाटलं नव्हतं. तेही इंग्रजीत! कझाकस्तानातल्या केगेनच्या पठारावर बर्फ वितळत होतं, रस्त्याचा नुसता राडा झाला होता, आणि वह्यांचा गठ्ठा सांभाळत ती आजोबांच्या तबेल्यावरून चालली होती. गलका ऐकून आत डोकावली, तर तांबूस केसांचा एक माणूस गवतात आडवा पडलेला. त्याचा हात खांद्यापर्यंत घोडीच्या पोटात. आणि घोडीपेक्षा आजोबाच जास्त कण्हत होते.

"दोर तुटलाय," तो धापा टाकत म्हणाला. "इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

"शाळेत शिकवते मी."

"मग द्या ना, बाई!"

अल्माटीहून आणलेला, दोनदाच घातलेला स्कार्फ… तिने डोळे मिटून पुढे केला. वीस मिनिटांत शिंगरू बाहेर आलं, आजोबा रडले, आणि स्कार्फाची पार वाट लागली.

तो डेक्लन. आयर्लंडचा घोड्यांचा डॉक्टर. शेजारच्या अश्वपालन केंद्रावर विणीचा हंगाम संपेपर्यंत आलेला. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला स्कार्फ घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा.

"वास येतोय," ती म्हणाली.

"घोडीचा आहे. आमच्याकडे लोक याला अत्तर समजतात."

तिला हसू आवरेना. मग तो कझाक शब्द विचारायला आला, मग पोस्टाचा रस्ता विचारायला, आणि पुढच्या दिवशी तर कारण आणायलाच विसरला.

"आज काय विचारायचंय?"

"आज… काहीच नाही."

"काहीच न विचारायला दोन कोस चिखल तुडवलात?"

"तीन," तो म्हणाला. आणि तिच्याकडे असा पाहत राहिला, की तिने वह्या उगाचच दुसऱ्या हातात घेतल्या.

घोडी वाचवली म्हणून सारसेन आजोबांनी त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. मेंढी कापली. रौशान वहिनीने हाताने लाटलेल्या रुंद शेवयांवर मांसाचा डोंगर रचला. अकबोता दुभाषी म्हणून मध्ये बसली. डेक्लन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, आणि त्याच्यापुढे मानाच्या पाहुण्याचं ताट ठेवलं गेलं. त्यात मेंढीचं उकडलेलं अख्खं डोकं होतं. ते त्याच्याकडे रोखून बघत होतं.

"काय करू?" त्याने कुजबुजत विचारलं.

"कापा. आणि सगळ्यांना वाटा. कान घरातल्या लहानाला द्यायचा."

"लहान कोण?"

अकबोताने उत्तर द्यायच्या आत त्याने कान कापून तिच्याच पुढे धरला. आजोबांनी मांडीवर थाप मारली.

"बरोब्बर ओळखलंस, बाळा! ज्याने मोठ्यांचं ऐकावं त्यालाच देतात तो. सत्तावीस वर्षं झाली, ही पोरगी कोणाचं ऐकत नाही!"

"काय म्हणाले?"

"तुमचा नेम चांगला आहे म्हणाले," अकबोता कान चावत म्हणाली.

मग वहिनीने कझीचे जाडजूड काप आणले. आतड्यात भरलेलं घोड्याच्या बरगडीचं मांस, वर हाताएवढी चरबी. हिवाळ्यापासून खास पाहुण्यासाठी राखलेलं. डेक्लनने वास घेतला, आणि त्याचा चेहरा पडला.

"हे… घोडा आहे?"

"हो."

"माफ करा, मला नाही खाता येणार. याच हाताने यांचं शिंगरू ओढून काढलंय मी."

आजोबांनी मोठ्या आशेने विचारलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतो, इतकं सुंदर मांस जन्मात पाहिलं नाही," अकबोता म्हणाली.

आजोबांची छाती फुगली. त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी चार काप वाढले.

"हे का वाढतायत?" डेक्लन घाबरला.

"तुम्ही फार छान बोललात."

थोड्या वेळाने ताटातले काप कमी होऊ लागले, आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशावर चरबीचा डाग हळूहळू पसरू लागला. आजोबांची नजर त्या डागावर खिळली.

"अकबोता, तुझा पाहुणा शिदोरी बांधतोय का ग? अगं, पिशवी दे की त्याला!"

वहिनी वाढणं सोडून हसायला लागली. डेक्लन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याने खिशातले काप काढून ताटात ठेवले.

"मी मघाशी जे म्हणालो ते त्यांना सांगा," तो अकबोताला म्हणाला. "एक शब्दही न बदलता."

तिने सांगितलं. खाली मान घालून, सगळं. हसू थांबलं. आजोबांनी सावकाश सुरी पुसली.

"त्याला सांग, हा माझा कबरा घोडा होता. माझ्या हाताखाली वाढला. कापला त्या दिवशी मी जेवलो नाही. पण सगळा हिवाळा याने हे घर जगवलं. तो वाया जाऊ नये एवढंच बघतो मी. नसेल जमत तर मेंढी आहे. पाहुण्याच्या घशात कोंबत नाही आम्ही."

"मग इतका वेळ काय चाललं होतं?" वहिनी पुटपुटली.

डेक्लनने ऐकून घेतलं. मग एक काप उचलून तोंडात टाकला, आणि डोळे मिटून चावत राहिला.

"चांगलंय," तो रडवेल्या सुरात म्हणाला. "फारच चांगलंय… हीच तर पंचाईत आहे!"

हे मात्र अकबोताने जसंच्या तसं सांगितलं, आणि आजोबा खोकला येईस्तोवर हसले. चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "विणीचा हंगाम संपत आलाय. केंद्रवाले त्याला ठेवून घेतायत म्हणे. थांबणार, की गुरुवारी जाणार?"

डेक्लनने तिच्याकडे पाहिलं. "ते दुभाष्या बाईंवर आहे."

तिने पेला घाईघाईने तोंडाला लावला.

"काय म्हणतोय?" आजोबा.

"म्हणतो… हवामानावर आहे."

"हवामानाने तुझे कान असे तापतात होय ग?" वहिनीने डोळे मिचकावले.

"'हवामान' हा कझाक शब्द मला कळतो," डेक्लन हळूच म्हणाला. "केंद्रावर रोज तेवढंच बोलतात. मी ते म्हणालो नव्हतो."

आता सुटका नव्हती. "आजोबा… तो म्हणतो, माझ्यावर आहे."

"मग? तुझं काय म्हणणं?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. इतका वेळ दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडे करणाऱ्या मास्तरीणबाईंना आपलं एक वाक्य जमेना. शेवटी ती त्याच्याकडे वळली.

"थांब ना…" ती म्हणाली. कझाकमध्येच. आणि त्याला ते कळलं.

वहिनी कधी उठून गेली कोणाला कळलं नाही. परत आली ती एक नवं ताट घेऊन. त्यात मेंढीच्या छातीचा जाडसर, चरबीने चमकणारा तुकडा. तिने तो नेमका डेक्लनच्या पुढे ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"वहिनी, काहीतरीच काय!" अकबोता किंचाळली.

"काय झालं?" डेक्लनने विचारलं. "याला काही अर्थ आहे?"

"हा तुकडा… आमच्याकडे घरच्या जावयाला देतात. नीट विचार कर हं."

त्याने ताटाकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"मेंढीच आहे ना?"

"मेंढीच."

"मग अडचण कसली?" तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तुकडा उचलला.