केबलवरचे काळे मणी

"दार लाव ना रे बाबा! बाहेरचं सगळं आत येतंय."

मी ओरडले तेव्हा तो चेंबरच्या दारात उभा होता. रेनकोटातून पाणी ठिबकत होतं, केस कपाळाला चिकटलेले, आणि खिशात मोबाइल चक्क चालू! माझं सकाळपासूनचं मोजमाप वाया गेलं.

"सॉरी... मी आस्गर. नवीन अँटेनावाला."

"आणि मी थीरा. इथे जो चुकतो तो शुक्रवारी सगळ्यांना केक आणतो. लक्षात ठेव."

"तुला कुठला आवडतो?"

"सफरचंदाचा," मी म्हणाले, आणि उगाचच हसले.

त्याने आणलेला केक खालून करपला होता. तरी मी दोन तुकडे खाल्ले.

ऑलबोर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत, बाहेरच्या लहरी आत येऊ न देणाऱ्या त्या बंद चेंबरमध्ये, अँटेना मोजण्याचं काम माझं. एवढासा अँटेना असला की तो लहरी चहूकडे उधळतो. आस्गरला काडेपेटीएवढ्या अँटेनातून त्या एकाच दिशेला पाठवायच्या होत्या, आणि त्याही एकाच फ्रिक्वेन्सीवर नाही, फ्रिक्वेन्सींच्या चांगल्या रुंद पट्ट्यावर.

"होणार नाही," मी म्हणायचे.

"तू कधी हसत नाहीस, असंही बेंटे म्हणाली होती."

बेंटे आमची प्रमुख. ती आम्हा दोघांकडे बघून भुवया उंचवायची. दुपारी आम्ही फ्योर्डच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठावर राय धान्याचा काळा पाव खायचो. वारा असा, की आस्गर बोलताना माझ्याकडे वाकायचा... आणि वारा पडला तरी तसाच राहायचा.

एकदा त्याने चेंबरच्या खणातून फेराइटचे मणी काढले. काळे, जाड, दोऱ्यात ओवलेले. मोजताना ते केबलवर चढवतात, म्हणजे केबल स्वतःच अँटेनासारखी वागत नाही. ती माळ त्याने माझ्या गळ्यात घातली.

"काढ. केबलला लागतात ते."

"असू दे की जरा... शोभतात."

त्याची बोटं मानेशी जरा जास्तच रेंगाळली. मी माळ काढली नाही. तशीच मोजायला बसले.

त्या दुपारी पडद्यावर लहरींचा झोत सरळ समोर गेलेला दिसला. अख्ख्या पट्ट्यावर! आस्गरने मला उचलून गरकन फिरवलं. सोमवारी एका कंपनीची माणसं हा अँटेना बघायला येणार होती. त्यांना पटलं तर त्याला स्वतःचा संशोधन गट मिळणार होता.

घरी जाऊन आरशात पाहिलं, तर मणी माझ्या गळ्यात. म्हणजे मोजताना केबल बिनमण्यांचीच होती.

सकाळी ते केबलवर चढवून मी पुन्हा मोजलं. झोत गेला, बटाट्यासारखा गोळा उरला. झोत टाकत होती ती केबल. अँटेना बिचारा नुसता बसून होता.

मी आस्गरला बोलावलं. त्याने नवा आलेख पाहिला. मग त्याने चेंबरचं दार लावून घेतलं.

"थीरा... सोमवारी केबलवर मणी नको चढवूस. कालचाच आलेख दाखवू. नंतर मी करीन ना दुरुस्त."

"तो अँटेना तसा चालत नाही, आस्गर."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर." त्याने माझा हात धरला. "तुला कळत नाही का?"

सबंध शरद ऋतू मी या शब्दांची वाट पाहिली होती. आणि ते आले ते असे!

"आधी म्हणायचं होतंस," मी म्हणाले. "मण्यांच्या आधी." आणि हात सोडवून घेतला.

तो माझ्याआधी बेंटेकडे पोहोचला. मी गेले तेव्हा ती चष्मा पुसत होती.

"मणी विसरलीस? थीरा, तू?"

आस्गर शेजारीच उभा होता. खिडकीबाहेर बघत होता. मणी तेव्हा कुठे होते, कुणी घातले होते, हे त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी थांबले. त्याने खिडकीची काच बाहीने पुसली. मग मलाही सांगावंसं वाटलं नाही... सांगून ते सगळं बेंटेच्या टेबलावर कशाला मांडायचं?

"हो," मी म्हणाले. "माझ्याकडून राहिले."

"सोमवारचं रद्द करते मी. आणि केक तुझा," बेंटे म्हणाली.

शुक्रवारी मी सफरचंदाचा केक नेला. जराही करपू दिला नव्हता. सगळे भोवती जमले, हसले, माझी चेष्टा झाली. आस्गरने त्याचा तुकडा उचलला.

"छान झालाय," तो बशीकडे बघत म्हणाला.

मी सगळ्यांना वाढलं आणि माझ्यासाठी तुकडा घेतलाच नाही.