शोभाबाईंची भिंत

दुपारी दोन वाजता लीनाने शेडचे कुलूप उघडले आणि समोरची भिंत कोरी दिसली.

हिंगणघाटच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची ही पत्र्याची शेड चित्रकारांनी मालकाकडून वापरायला घेतली होती. तिला ते ‘कलाकेंद्र’ म्हणत. चार वाजता जिनिंग कामगारांनी काढलेल्या चित्रांचे प्रदर्शन उघडणार होते. या भिंतीवर मजूर शोभाबाईंनी आपला मुलगा धीरज काढला होता. याच जिनिंगच्या एक्क्याण्णवच्या आगीत, बाहेरून कडी घातलेल्या दारामागे तो जळाला; ते दार आणि ती कडीही चित्रात होती. त्याचा एकही फोटो नव्हता. बारा वर्षांनी, एकदाच, तो चेहरा आईच्या हाताला सापडला होता.

पोलिसांकडे जाण्यात अर्थ नव्हता. मजुराच्या मुलाचा चेहरा नाहीसा होणे कोणत्याच कलमात बसत नाही. लीनाने धावत जाऊन वेदश्रीबाईंना आणले. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

तोवर शोभाबाई येऊन भिंतीवरून हात फिरवत होत्या. "माह्या पोराले कोनं नेलं, मॅडम?"

वेदश्रींनी लीनाकडे पाहिले. "किल्ली कुणाकडे होती?"

"दहापासून माह्याजवळच. मधूदादानं कुलूप लावलं, किल्ली मले देली अन् पत्रकारांले भेटाले वर्ध्याले गेला."

"तेव्हा चित्र होतं?"

"होतं. दारातून पाह्यलं मी. जरासं फिक्कं दिसे, धुक्यातून पाह्यल्यावानी. आत जाऊ लागली तं दादा म्हने, रंग ओला हाये."

इतक्यात केंद्राचा प्रमुख मधू परतला. भिंत पाहून तो दारातच थबकला. त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडला.

"लीना, हे काय केलंस?"

"मी काऊन करीन? आपलीच मानसं हाये थे!"

"किल्ली तुझ्याकडे होती ना?"

वेदश्रींनी विचारले, "दहाला चित्र होतं, हे तुम्हालाही मान्य?"

"शपथेवर. त्यानंतर मी वर्ध्यात होतो. चार साक्षीदार देतो."

"शोभाबाई, चित्र पूर्ण कधी झालं?"

"आठ रोज झाले. गेरू अन् काजळी, डिंकात कालवून."

वेदश्री मधूकडे वळल्या. "तुम्ही कधी घराला चुना मारला आहे?"

"मी चित्रकार आहे, मॅडम."

"म्हणूनच फसलात. आठ दिवसांपूर्वी वाळलेलं चित्र आज सकाळी ओलं कशानं झालं? चुन्यानं. चुन्याचा पातळ हात ओला असेपर्यंत खालचं सगळं दिसू देतो. पांढरेपणा येतो तो सुकल्यावर. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना देणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. कलाशाळेत शिकवत नसावेत. तुम्ही सकाळी हात मारला. चित्र तसंच दिसत राहिलं. चुना कुचकामी निघाला असं समजून, वर्ध्याला जायच्या घाईत तुम्ही कुलूप लावलंत. मघाचं तुमचं आश्चर्य खरं होतं. पत्रा तापला आणि तुमचा गुन्हा तुमच्या गैरहजेरीत तडीस गेला. नखं दाखवा."

मधूने मुठी मिटल्या. नखांच्या कडांतला चुना त्याआधीच सर्वांनी पाहिला होता.

"चार वाजता मालक येताहेत," तो पुटपुटला. "ती कडी त्यांनी पाहिली असती, तर शेड गेली असती. मी केंद्र वाचवलं."

"कामगारांच्या कलेचं केंद्र," वेदश्री म्हणाल्या. "अडचण फक्त कामगारांची होती."

लीनाने ओले फडके उचलले. "चुना ताजा हाये. पुसून काढतो."

"नको," वेदश्रींनी तिचा हात धरला. "डिंक पाण्यात सुटतो. चुन्याबरोबर धीरजही निघून येईल."

मग शोभाबाईंनी कोळसा मागितला. पांढऱ्यावर कान आला. हनुवटी आली. जिवणीही आली.

"डोये, मावशी?" लीनाने हळूच विचारले.

"थांब वं. येतीन."

बाहेर मालकांची गाडी थांबली. मधू कुर्ता सावरत, हार घेऊन धावला. शोभाबाईंचा कोळसा कपाळाखाली टेकलेला होता आणि हलत नव्हता.

"डोये आत्ता होते," त्या म्हणाल्या. "सकाळपर्यंत होते माह्याजवळ."