चिंचखारची चोरीला गेलेली शांतता

"आमची शांतता चोरीला गेली," असं म्हणून चिंचखारचे सरपंच काशीराम भोईर खुर्चीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

गोरखराव शेलारांनी पेन उचललं होतं, ते परत ठेवलं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते चारुता कारखानीस यांच्या चौकशी-कचेरीत येऊन बसत होते. पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर, चष्म्याच्या दुकानावर ही कचेरी. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, मुलगी खरंच बी.कॉम. आहे का. शांतता कोणत्या रकान्यात लिहायची, हे गोरखरावांना सुचेना.

"किती वाजता गेली?" चारुताबाईंनी विचारलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"आठवडाभर जात व्हती. आमाला सोमवारी कललं."

साल अठ्ठ्याण्णव. विमानतळ येणार, अशी बोलवा पनवेलच्या पानपट्ट्यांवर सुरू झाली होती. विमानाचा पत्ता नव्हता, पण त्याच्या आवाजाचं धोरण मात्र तालुक्याच्या ध्वनी समितीने तयार ठेवलं होतं. ज्या गावाची आजची सरासरी पन्नास डेसिबलच्या आत, ते 'शांत गाव'. त्याच्यावरून विमानं जाणार नाहीत, शाळेला दुहेरी काचा मिळणार. ज्याची सरासरी वर, ते आधीच गोंगाटाचं. त्याला काही नाही.

"आधीच भिजलेल्याला छत्री कशाला," चारुताबाई म्हणाल्या.

"तसंच साहेब बोलले. चिंचखारचा आकडा काय आला म्हाईत हाय? सहासष्ट. बाई, आमच्या गावात कोनी दारात खोकला तर दोन घरं पलीकडं कोन पावना आला ते कलतं. ती साळा माज्या बापानं मीठ वाहून बांधली. वरनं इमानं जायला लागली तर गुरुजींचा शबूद पोरांना आयकू यील का? साळा बंद पडंल. उद्या अकराला सुनावनी. मंग शिक्का."

"मोजणीच्या आठवड्यात गावात काय वाजलं?"

"काय बी नाय." काशीराम बोटं मोडू लागले. "भोंगा बंद. एक हळद व्हती, ती पुढं ढकलली. साळंचा टोल गोणपाटात बांधला. भुंकनारी तीन कुत्री पावन्यांकडं ओवे गावाला धाडली."

"कुत्री?"

"टेम्पोनं."

गोरखरावांनी हे मात्र लिहून घेतलं.

*

गोरखरावांच्या बजाजवरून दोघं आधी समितीच्या खोलीत गेली. मोजणी करणारा तरुण इंजिनिअर सत्यजीत वैतागलेला होता. गावकरी त्याला लाचखाऊ म्हणू लागले होते.

"शाळेच्या गच्चीवर बसवलेल्या पेटीचं सील तुटलेलं नाही, मॅडम. माईक बाहेर असतो, जाळीत. हा बघा रेकॉर्ड."

त्याने कागदाची गुंडाळी उलगडली. सोमवार ते रविवार, तळाशी सरपटणारी निळी रेघ. तिच्यातून मध्येच ताडमाडासारखे उंच सुळके निघालेले. चारुताबाईंनी ते मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार रोज दोन, एक सकाळी पावणेसातच्या सुमारास, एक संध्याकाळी सातला. गुरुवारी फक्त सकाळचा. पुढे रविवारपर्यंत एकही नाही.

"सात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक किती वेळाचा?"

"जेमतेम दोन मिनिटं."

"तेवढ्याने सहासष्ट?" गोरखरावांनी विचारलं.

"काका, पातेलंभर आमटीला लवंगी मिरची किती लागते? माईकजवळचा मोठा आवाज मिनिटभर पुरे, सगळी सरासरी वर जाते."

"माईकजवळचा," चारुताबाई पुटपुटल्या.

*

गोरखरावांचा गुन्हेगार रस्त्यातच ठरला होता. चिंचखारमागच्या टेकडीत धर्मराज ठाकुरांची दगडखाण होती. शांत गावाजवळ सुरुंगाला बंदी; गाव 'शांत' ठरलं असतं, तर खाण बंद.

"माझा फायदा आहे, नाही कशाला म्हणू?" धर्मराजांनी दोघांपुढे थंडगार मँगोला ठेवला. "पण सुरुंग उडतो दुपारी एकला, लाल बावटा दाखवून. आणि त्या आठवड्यात तोही नव्हता, कॉम्प्रेसर बसला होता. दोन मिनिटं चालेल असा सुरुंग तुम्हाला कुठे मिळाला, तर पत्ता द्या. मी आजच घेतो."

मँगोला संपवून गोरखराव हिरमुसले. बाटली चांगली होती, पण आरोपी हातचा गेला होता.

*

चिंचखारची शाळा खाडीच्या बांधाला टेकून होती. गोरखरावांनी स्कूटर बंद केली आणि ते तसेच उभे राहिले. दूर कुणीतरी विहिरीत कळशी सोडली. ती पाण्याला लागल्याचं ऐकू आलं. एक्स्चेंजमध्ये पहाटेची लाईन अशी असायची. पलीकडे रत्नागिरीची ऑपरेटर नुसती श्वास घ्यायची, तरी तिला सर्दी आहे हे कळायचं. ती लाईनही गेली, ती ऑपरेटरही.

"गोरखराव, वर चला."

काशीराम तिथेच वाट पाहत होते; गच्चीचं दार शाळेच्या शिपाईणबाई भामाबाईंनी उघडलं. साठीच्या, वाळलेल्या, नऊवारीतल्या. किल्ल्या दोनच, एक सत्यजीतकडे, एक त्यांच्याकडे.

"वर कुणी आलं होतं का, मावशी?" गोरखरावांनी विचारलं.

"कोनी नाय. मी झाडाया येते तेवडीच."

"काही वाजलेलं ऐकलंत?"

"काय बी नाय वाजलं, भाऊ. द्येवाशपथ."

पत्र्याच्या पेटीवर हळदकुंकू होतं. "मोजनीच्या आदल्या दिशी मीच नारळ फोडला," काशीरामांनी खुलासा केला. "समदा गाव व्हता. मी भाषन केलं, की आता चिंचखारचं भवितव्य या पेटीच्या हातात हाय."

माईकच्या जाळीत तगरीची सुकलेली फुलं होती. चारुताबाईंनी ती बोटाने मोजली.

"वाऱ्याने आली असतील," गोरखराव म्हणाले.

"वारा फार शिस्तीचा दिसतो. सगळ्यांचे देठ आत, पाकळ्या बाहेर."

खाली वर्गात सरस्वतीची तसबीर होती. तिच्यापुढे पितळी निरांजन आणि हातात धरायची घंटा. तसबिरीवरचा हार वाळून काळा पडला होता. काशीराम करवादले, "भामे, पावनी मानसं यायची व्हती. हार तरी बदलायचा."

"सुतक हाय ना, दादा. मोरा बंदरातला माजा दीर गेला गुरवारी, दुपारचा सांगावा आला. धा दीस द्येवाला हात कसा लावू?"

चारुताबाईंनी भामाबाईंकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मग उगाचच चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ असताना बाई पुसू लागल्या की काम संपलेलं असतं, एवढं गोरखरावांना दोन वर्षांत कळलं होतं. काय कळलं, ते मात्र कळत नव्हतं.

"काशीरामदादा, उद्या ही घंटा घेऊन या," त्या म्हणाल्या.

*

अकराला समितीची खोली भरली. भिंतीजवळ गावकरी, त्यांत मागे भामाबाई. धर्मराजही आले होते. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आवाज खरा आहे," चारुताबाईंनी सुरुवात केली. "यंत्र बरोबर, इंजिनिअर प्रामाणिक. आणि गावात काही वाजलं नाही, असं सांगणारेही खोटं बोलत नाहीत."

"मग बोलतं कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"सात सुळके. सकाळी पावणेसात, संध्याकाळी सात. खाणीचा सुरुंग एकला उडतो आणि क्षणात संपतो; तेव्हा ठाकूरसाहेब सुटले. सकाळ-संध्याकाळ, नेमाने, दोन मिनिटं. आपल्या घरात या वेळांना काय असतं?"

गोरखरावांच्या डोळ्यांपुढे आईचं देवघर आलं आणि त्यांची मान आपोआप खाली गेली.

"गुरुवार सकाळनंतर आवाज थांबला. चोर असा अर्ध्यावर थांबत नाही, त्याला सात दिवस पुरे करायचे असतात. थांबतो तो, ज्याला सुतक आलं. माईकच्या जाळीत तगरीची फुलं आहेत, नीट खोवलेली. तीही सात. एका सुळक्याला एक."

त्यांनी सत्यजीतला खूण केली. त्याने टेबलावर मोजयंत्र ठेवलं. चारुताबाईंनी पितळी घंटा माईकपासून वीतभर धरली आणि आरतीला वाजवतात तशी वाजवली. काटा टोकाला जाऊन थरथरत राहिला.

"काशीरामदादांनी गावातला आवाज न आवाज बंद केला. कुत्र्यांनासुद्धा टेम्पो केला. पण देवाच्या घंटेला आवाज म्हणायचं, हे चिंचखारमध्ये कुणाच्या मनातही येत नाही. गावाचं भवितव्य पेटीच्या हातात आहे, असं सरपंच सांगतात. मग कुणीतरी रोज दोन वेळा तिची पूजा केली."

"नाव?" अध्यक्षांनी पेन उघडलं. "नोंद करावी लागेल."

"सरस्वती लिहा. घंटा तिची आहे."

खोलीत हालचाल झाली. भामाबाई भिंत सोडून पुढे आल्या होत्या.

"मी व्हते, सायेब. माजी नात चिंगी दुसरीत हाय. आमच्यात कोन साळंत गेलं नव्हतं. पेटीला सांगत व्हते, की आमची साळा ऱ्हाऊ दे. घंटा वाजवल्याबिगर सांगनं पोचंल कसं?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "मीच गाव बुडवला."

काशीराम उठले. गावातला कुणी काही बोलायच्या आत त्यांनी टोपी काढली.

"पयला नारळ मी फोडलाय. पयलं माजं नाव लिवा."

अध्यक्षांनी पेन दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. मग कागदावर 'तांत्रिक अडथळा' एवढंच लिहिलं आणि सोमवारपासून फेरमोजणीचा हुकूम दिला. धर्मराज गोरखरावांच्या कानाशी म्हणाले, "माझी खाण गेली म्हणायची." पण मघाशी घंटा वाजली तेव्हा त्यांनीही हात जोडले होते, हे गोरखरावांनी पाहिलं होतं.

*

फेरमोजणीचा आकडा एक्केचाळीस आला. पुढे ती समिती विसर्जित झाली, धोरण कुठल्या कपाटात गेलं कुणास ठाऊक. गोरखराव अजून चिंचखारबद्दल सांगतात, पण हल्ली त्यांना मध्येच थांबावं लागतं. खालच्या रस्त्यावरून ट्रक जातात.

सांगतात ते फेरमोजणीच्या शेवटच्या संध्याकाळचं. काही काम नसताना ते एकटेच गेले होते. गाडी बांधाअलीकडे बंद करून चपला हातात घेऊन चालले, कारण सगळं गावच अनवाणी फिरत होतं. सात वाजत आले होते. सुतक केव्हाच फिटलं होतं. शाळेच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, गच्चीच्या बंद दारासमोर भामाबाई उभ्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. दारापाशी तगरीचं एक फूल.

हातात घंटा होती. त्या ती आरतीच्या लयीत हलवत होत्या, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत तिच्या आतला लोळा घट्ट धरलेला होता.