काट्यावर जाऊ नकोस

ही गोष्ट रचलेली नाही. विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण हसू नका. आमच्या घरातलं एक माणूस यात गेलं आहे.

घडली ती माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. अकरा वर्षांपूर्वी, तेही भर दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. भुतांना अंधार लागतो असं ज्याने ठरवलं, त्याला एकदा मावशीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन बसवायला हवं.

मावशी एका छोट्या विमानतळावर विमानांची उपकरणं दुरुस्त करायची. लांबट खोली, एक टेबल, एक फोन, भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं जुनं यंत्र. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा टिल्लूमामा, तिथूनच औषधांची खोकी नेणारं लहान विमान उडवायचा. उंची बेताची, तोंड मात्र भलतंच चालायचं. निघण्याआधी वेगमापकाच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचा. "ताईने दुरुस्त केलाय, झोपला असेल," म्हणायचा.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तापलेली हवा विरळ होते, पंखांना धड आधार देत नाही, इंजिनही दमतं. त्यात विमान गच्च भरलेलं, आणि पुढच्या डोंगरावर ढग बसलेले. मामा दोन वाजता उडाला. डोंगर ओलांडण्यापुरती उंची त्याला जेमतेम मिळणार होती, हे मावशीलाही माहीत होतं.

तिच्या टेबलावर एक वेगमापक तपासायला आला होता.

त्याला चिठ्ठी नव्हती. कुठल्या विमानाचा, कुणी आणून ठेवला... काहीच नाही.

वारा आत घेणारं त्याचं तोंड तिने बूच लावून बंद केलं. पक्कड घ्यायला वळली...

पंखा थांबला.

बाहेरचा ट्रॅक्टर, शेजारच्या खोलीतला रेडिओ... सगळंच थांबलं.

मग तिच्या कानांना दडे बसले. विमान वर चढताना बसतात तसे.

टेबलावर काटा हलला.

चाळीस... साठ... ऐंशी...

बूच जागच्या जागी होतं. तिने चाचपून पाहिलं. भिंतीवरचं यंत्र तसूभरही हललं नव्हतं.

आणि काचेवर टकटक झाली. दोनदा.

आतून.

बूच लावलेलं असूनही काटा चढत होता. याचा अर्थ तिला झोपेतही सांगता आला असता. विमानाच्या बाहेर एक नळी असते. समोरचा वारा तिच्यात घुसतो, आणि भोवतालच्या हवेपेक्षा तो किती जास्त जोराने ढकलतो, त्यावरून काटा वेग सांगतो. गांधीलमाशीने त्या नळीत चिखल भरला की आतली हवा अडकते. विमान वर जातं, बाहेरची हवा विरळ होते, आणि काटा उगाचच चढत राहतो. वैमानिकाला वाटतं, वेग फार झाला. तो नाक आणखी वर करतो. खरा वेग संपतो आणि विमान दगडासारखं खाली येतं.

एकशे दहा... एकशे तीस...

तिने टॉवरला फोन लावला. तिथले साहेब तिला वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी सांगितलं, मामा ढगात शिरलाय, चढतोय, वेग एकशे तीस म्हणतोय, तक्रार काही नाही.

एकशे तीस. तिच्या समोरच्या काट्यावरही तेवढेच.

"त्याला सांगा, काट्यावर जाऊ नकोस," मावशी म्हणाली. "नळी बुजली आहे. नाक खाली घे म्हणावं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"साहेब, हात जोडते. आधी सांगा."

त्यांनी सांगितलं. फोन चालूच होता, त्यामुळे मामाचं उत्तर मावशीने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काटा तर बरा दिसतोय... पण ताई म्हणतेय ना? मग झालं. घेतो खाली."

थोडा वेळ रेडिओची खरखर आली.

मग तीही आली नाही.

टेबलावरचा काटा शून्यावर आला. हळूहळू नाही... एकदम. डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

विमान सापडलं ते डोंगराच्या माथ्यापासून चाळीस हात खाली. चौकशी महिनाभर चालली. मावशी अन्नाला शिवत नव्हती. तिला अहवालातली एकच ओळ हवी होती, नळीबद्दलची, आणि ती ओळ आली. नळी स्वच्छ होती. काटा अचूक होता. नाक खाली घेतलं नसतं, तर विमान माथ्यावरून सुखरूप गेलं असतं.

टेबलावरचा तो वेगमापक पुन्हा कुणाला दिसला नाही. मावशी मला अजून विचारते, ते कोण होतं, आणि त्याला माझ्या भावाची सवय कशी ठाऊक होती?

तो अहवाल आजीला कुणीच वाचून दाखवलेला नाही. टॉवरच्या साहेबांनी तिला एवढंच सांगितलं, की ताईंनी शेवटच्या क्षणी फोन केला होता. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. तेव्हापासून आजी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर मावशीचा हात धरते आणि म्हणते, "हिने त्याला वाचवायची किती धडपड केली हो."

मावशी हात सोडवून घेत नाही. मी समोरच बसलेला असतो.